वर्दी देणारी यंत्रे आणि ती ऐकणारा राखणदार

तुमच्या शाळेच्या संगणक-खोलीत भिंतीला लावलेली एक चपटी पेटी तुम्ही पाहिली असेल. तिच्या दर्शनी बाजूला ओळीने तारा खोचलेल्या असतात आणि प्रत्येक तारेजवळ एक बारीकसा हिरवा दिवा लुकलुकत असतो. या पेटीला स्विच म्हणतात. खोलीतील सर्व संगणक याच पेटीतून एकमेकांशी बोलतात. ठाणे, कल्याण, डोंबिवली या शहरांतील बँका, रुग्णालये, महाविद्यालये आणि कार्यालये यांत अशा हजारो पेट्या रात्रंदिवस काम करीत असतात.

आता असे समजा, की रात्री दोन वाजता उंदराने एक तार कुरतडली आणि तिच्याजवळचा हिरवा दिवा विझला. ती तार रुग्णालयाच्या औषध-भांडाराची असेल, तर तेथील संगणकाचा इतरांशी संबंध तुटला. पण दिव्याकडे पाहत रात्रभर कोण बसणार? हे काम करण्यासाठी संगणकशास्त्रज्ञांनी जी व्यवस्था बसवली आहे, तिची ओळख आपण या लेखात करून घेऊ. ही व्यवस्था सोपी आहे; परंतु तिच्यात एक खोच आहे. ती खोच समजण्यासाठी आपल्याला शेवटी रेल्वेच्या रुळांवर जावे लागेल.

विचारपूस आणि वर्दी

यंत्रांची खबर घेण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग विचारपुशीचा. एका मध्यवर्ती संगणकाने प्रत्येक यंत्राला ठराविक वेळाने विचारायचे, “ठीक आहेस ना?” समजा, एका महाविद्यालयात अशी २०० यंत्रे आहेत आणि दर ५ मिनिटांनी एक फेरी होते. दिवसात अशा २८८ फेऱ्या होतील, म्हणजे ५७,६०० प्रश्न आणि तितकीच उत्तरे. बहुतेक सर्व उत्तरे एकच असणार: “ठीक आहे.” शिवाय बिघाड कोणत्या क्षणी होईल हे ठाऊक नसते. तो फेरीच्या तोंडावर झाला, तर लगेच कळेल. फेरी नुकतीच संपल्यावर झाला, तर पुरी ५ मिनिटे कळणार नाही. सरासरी उशीर अडीच मिनिटांचा. दर ५ सेकंदांनी विचारपूस केली तर उशीर घटेल, पण दिवसाचे प्रश्न ३४,५६,००० होतील!

दुसरा मार्ग वर्दीचा. आग लागली की अग्निशामक दलाला वर्दी जाते, दलाची माणसे घरोघर जाऊन “तुमच्याकडे आग लागली आहे काय?” असे विचारीत नाहीत. त्याचप्रमाणे यंत्रात काही बिघडले की त्यानेच आपण होऊन मध्यवर्ती संगणकाला कळवायचे. एरवी गप्प राहायचे. यात संदेश थोडे लागतात आणि खबर तत्काळ मिळते.

या दोन्ही मार्गांचे नियम १९८८ साली एका सामाईक भाषेत बांधले गेले. तिला एसएनएमपी म्हणतात. ‘जाळ्याच्या व्यवस्थापनासाठी साधा शिष्टाचार’ असा त्या नावाचा अर्थ होतो. वेगवेगळ्या कारखान्यांची यंत्रे ही एकच भाषा बोलतात, म्हणून एकच संगणक त्या सर्वांचे ऐकू शकतो. प्रत्येक संगणकाला संदेश येण्यासाठी क्रमांक दिलेली दारे असतात अशी कल्पना करा. या भाषेत यंत्रांना विचारपूस केली जाते ती १६१ क्रमांकाच्या दारावर, आणि मध्यवर्ती संगणकाकडे वर्दी येते ती १६२ क्रमांकाच्या दारावर.

वर्दीत काय लिहिलेले असते?

तार तुटल्यावर स्विच मराठीत किंवा इंग्रजीत काही लिहीत नाही. तो एक लांबलचक आकडा पाठवतो: १.३.६.१.६.३.१.१.५.३. याचा अर्थ, “माझा एक जोड तुटला.” शेवटचा आकडा ३ ऐवजी ४ असेल, तर “जोड पुन्हा जुळला.” यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर बॅटरीवर काम चालू ठेवणारी पेटी, तिचा आकडा वेगळा: १.३.६.१.२.१.३३.२.१. त्याचा अर्थ, “मी आता बॅटरीवर चालत आहे.”

हे आकडे गोंधळात टाकणारे वाटतील, पण असाच एक आकडा तुम्ही दर पत्रावर लिहिता. १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्या देशात पिनकोड सुरू झाला. त्याची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी गृहस्थांची. डोंबिवलीचा ४२१२०१ हा पिन पाहा. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांचा विभाग. ४२१ म्हणजे टपाल निवडण्याचा जिल्हा. शेवटचे तीन आकडे म्हणजे नेमके टपाल कार्यालय. डावीकडून उजवीकडे जाताना मोठ्या प्रदेशातून लहान जागेकडे आपण येतो. वर्दीचा आकडाही असाच डावीकडून वाचायचा. तो एका प्रचंड झाडाच्या बुंध्यापासून फांदीकडे, फांदीतून डहाळीकडे आणि शेवटी एका पानाकडे नेतो.

या आकड्याबरोबर आणखी माहिती येते. यंत्र सुरू होऊन किती वेळ झाला, हे सेकंदाच्या शंभराव्या भागात दिलेले असते. कितवा जोड तुटला तेही असते. त्याशिवाय दोन खुणा असतात: हा जोड चालू ठेवावयाचा आहे काय, आणि तो प्रत्यक्षात चालू आहे काय. पहिलीचे उत्तर ‘होय’ व दुसरीचे ‘नाही’ असेल तर तो बिघाड समजावा. दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, तर कोणीतरी तो मुद्दाम बंद केला आहे. रात्री दोन वाजता कोणाची झोप मोडण्याचे कारण नाही.

राखणदार

या वर्दी ऐकण्यासाठी मध्यवर्ती संगणकावर एक आज्ञावली, म्हणजेच प्रोग्राम, सतत जागी असते. ती पडद्यावर दिसत नाही, तिला कोणी हाक मारावी लागत नाही. मागे राहून ती आपले काम करते. अशा आज्ञावलीला संगणकाच्या परिभाषेत ‘डीमन’ म्हणतात. हे नाव पदार्थविज्ञानातून आले आहे. १८६७ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने वायूच्या दोन कप्प्यांमधील झडपेवर बसून वेगवान व मंद रेणूंची निवड करणाऱ्या एका इवल्याशा काल्पनिक प्राण्याचा विचार मांडला. पुढे त्याला ‘मॅक्सवेलचा डीमन’ असे नाव पडले. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील संगणकतज्ज्ञांनी, पडद्यामागे न थकता राबणाऱ्या आज्ञावल्यांना हेच नाव दिले.

ग्रीक भाषेतील मूळ शब्दाचा अर्थ दुष्ट भूत असा नाही. माणूस आणि देव यांच्यामधली, पाठराखण करणारी शक्ती असा तो आहे. आपल्या कोकणात गावाच्या वेशीवर, बागेत किंवा विहिरीपाशी ‘राखणदार’ असतो अशी जुनी समजूत आहे. समजूत सोडून द्या, पण शब्द मोठा चपखल आहे. तेव्हा आपण या आज्ञावलीला राखणदार म्हणू.

नेट-एसएनएमपी या नावाच्या, कोणालाही मोफत मिळणाऱ्या आज्ञावली-संचात असा एक राखणदार आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात त्याचे मूळ लिहिले गेले आणि पुढे अनेक देशांतील लोकांनी त्यात भर घातली. हा राखणदार बसवला की काम संपले असे मात्र होत नाही. नव्या पहारेकऱ्याला पहिल्या दिवशी सारे समजावून सांगावे लागते, तसे यालाही नियमांची एक फाइल लिहून द्यावी लागते. त्या फाइलीत तीन प्रश्नांची उत्तरे असावी लागतात.

पहिला प्रश्न: कोणाचे ऐकायचे? १६२ क्रमांकाच्या दारावर कोणीही येऊन काहीही ओरडू शकतो. जुन्या पद्धतीत वर्दीबरोबर एक परवलीचा शब्द येतो. पण तो उघड्या पत्रावर लिहिल्यासारखा असतो, वाटेत कोणीही वाचू शकतो. त्यातही पुष्कळ ठिकाणी कारखान्यातून आलेला ‘पब्लिक’ हाच शब्द तसाच ठेवलेला असतो. मग कुलूप लावून किल्ली दाराला अडकवून ठेवण्यासारखेच झाले! या भाषेच्या तिसऱ्या आवृत्तीत वर्दी देणाऱ्याची ओळख पटवण्याची व मजकूर गुप्त ठेवण्याची सोय आहे. शक्य तेथे तीच वापरावी. नेट-एसएनएमपीच्या ५.३ या आवृत्तीपासून तर राखणदार, कोणाचे ऐकायचे हे स्पष्टपणे सांगितल्याशिवाय, आलेल्या वर्दीची दखलच घेत नाही. आणि परवानगीही तीन प्रकारची देता येते: केवळ नोंद करण्याची, पुढे दुसऱ्या संगणकाकडे पाठवण्याची, किंवा वर्दीवरून एखादी कारवाई करण्याची. अनोळखी यंत्राच्या शब्दावर कारवाई करण्याची परवानगी कधीही देऊ नये. “बॅटरी संपत आली” अशी खोटी वर्दी देऊन कोणी खोडसाळ माणूस सारे संगणक बंद करवून घेईल.

दुसरा प्रश्न: आकड्याचा अर्थ काय? यासाठी राखणदाराजवळ एक शब्दकोश ठेवतात. तो नसेल तर वर्दी येते, नोंदलीही जाते, पण नोंदवहीत नुसते आकडे दिसतात. घाईच्या वेळी ते पाहून माणूस गोंधळून जातो.

तिसरा प्रश्न: मग काय करायचे? येथे प्रत्येक आकड्यासमोर एक कारवाई लिहितात. जोड तुटला, तर तंत्रज्ञाला निरोप. यूपीएस बॅटरीवर गेला, तर महत्त्वाचे काम आटोपून संगणक नीट बंद करण्याची तयारी. आणि जे आकडे आपण यादीत घेतले नाहीत, त्या सर्वांसाठी ‘बाकी सारे’ अशी एक ओळ. ही शेवटची ओळ विसरू नये. ज्या बिघाडाची आपण कल्पनाच केली नव्हती, त्याची वर्दी याच ओळीत सापडते.

हरवलेली वर्दी आणि वर्दींचा पूर

वर्दी ही पेटीत टाकलेल्या साध्या पत्रासारखी असते. ती पोहोचली की नाही हे पाठवणाऱ्याला कळत नाही. समजा, दर दहा वर्दींपैकी एक वाटेत हरवते. यावर दोन उपाय आहेत. पहिला उपाय म्हणजे पोच मागणारी वर्दी. तिची पोच आली नाही, तर यंत्र ती पुन्हा पाठवते. दुसरा उपाय म्हणजे सांगत राहणे. यूपीएसच्या नियमांतच असे लिहिले आहे, की बॅटरीवर चालत असेतोपर्यंत त्याने ती वर्दी दर मिनिटाला पुन्हा द्यावी. आपले गृहीत धरले, तर सलग तीन वर्दी हरवण्याची शक्यता एक-दशांश गुणिले एक-दशांश गुणिले एक-दशांश, म्हणजे हजारात एक.

पण हा गुणाकार कधी करता येतो? तीनही वर्दींचे हरवणे एकमेकांपासून स्वतंत्र असेल तरच. मोठ्या बिघाडात ही अट मोडते. १२ ऑक्टोबर २०२० चा दिवस आठवा. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे व नवी मुंबई येथील वीज गेली आणि लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. कळवा-पडघे या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांपैकी एक दुरुस्तीसाठी बंद होती व दुसरीवरही अडचण आली, असे त्या वेळी राज्य सरकारकडून सांगण्यात आले. अशा क्षणी एखाद्या मोठ्या संस्थेतील प्रत्येक यूपीएसला एकच वाक्य, एकाच वेळी बोलायचे असते. आणि ज्या स्विचमधून ते वाक्य जायचे, तो यूपीएसवर नसेल तर तोच बंद पडलेला असतो. पहिली वर्दी त्याच कारणाने हरवते आणि दुसरी, तिसरीही त्याच कारणाने. म्हणून वर्दीची वाट जिच्यावरून जाते, ती सर्व यंत्रेही बॅटरीवर असली पाहिजेत.

पुराचा दुसरा प्रकार याहून क्षुल्लक कारणाने येतो. सैल झालेली तार दर दोन सेकंदांत एकदा तुटली व एकदा जुळली, तर तासाला ३,६०० वर्दी येतील. प्रत्येकीला तंत्रज्ञाचा फोन वाजला, तर तो सकाळपर्यंत फोन बंद करून ठेवील. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट तुम्हांला माहीत आहेच. म्हणून नियम असा करतात, की जोड तुटून ३० सेकंद झाले आणि तो जुळल्याची वर्दी आली नाही, तरच माणसाला उठवायचे. एरवी नोंद तेवढी करायची.

शांतता म्हणजे सारे ठीक?

आता आपण त्या खोचीपाशी आलो. वर्दीच्या पद्धतीत शांततेचा अर्थ आपण ‘सारे ठीक आहे’ असा लावतो. पण राखणदार स्वतःच बंद पडला तर? तेव्हाही शांतताच असते!

१४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात हेच घडले. तेथील एका वीज कंपनीच्या नियंत्रण-कक्षात, धोक्याच्या सूचना दाखवणारी संगणकीय यंत्रणा दुपारी २ वाजून १४ मिनिटांनी थांबली. आज्ञावलीतील एक सूक्ष्म दोष त्याला कारण होता. यंत्रणा थांबली आहे, हे सांगणारी सूचना मात्र कोठेच नव्हती. पडद्यावर नवी सूचना येत नाही म्हणजे सर्व सुरळीत आहे, असे कक्षातील माणसे समजत राहिली. तिकडे भार वाढून वीजवाहक तारा तापत होत्या. तापलेली तार प्रसरण पावते व खाली झोळते. तशा झोळलेल्या तारा खालच्या झाडांना टेकल्या आणि एकामागून एक वाहिन्या बंद पडत गेल्या. बाहेरून दूरध्वनी येत होते, पण समोरच्या पडद्यावर तसे काही दिसत नसल्यामुळे त्यांचा अर्थ लागायला फार वेळ गेला. चार वाजून गेल्यावर अमेरिका आणि कॅनडा मिळून सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली.

रुळांनी दिलेला धडा

या चुकीवरचा उपाय रेल्वेने फार पूर्वी शोधला होता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली आणि १ मे १८५४ रोजी मार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. आज या मार्गावर एकामागून एक लोकल धावत असतात. पुढच्या टप्प्यात गाडी उभी आहे की तो मोकळा आहे, हे सिग्नलला कसे कळते? यासाठी जगभर वापरली गेलेली एक पद्धत म्हणजे रुळांचाच विद्युत्-परिपथ. १८७२ साली विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन संशोधकाने ती शोधली.

दोन रुळांच्या एका टोकाला, मधे रोध ठेवून, विद्युत्-घट जोडतात. दुसऱ्या टोकाला विद्युत्-चुंबकावर चालणारा रिले असतो. टप्पा रिकामा असताना रुळांतून प्रवाह वाहतो, रिले ओढलेला राहतो आणि सिग्नल हिरवा होऊ शकतो. गाडी आली, की चाके व आस यांतून प्रवाहाला जवळची वाट मिळते. रिलेचा प्रवाह जातो, तो खाली पडतो आणि सिग्नल लाल होतो. आता पाहा, घट संपला, तार तुटली किंवा रुळाला तडा जाऊन प्रवाह खंडित झाला, तरीही रिले खालीच पडतो आणि सिग्नल लालच होतो. येथे प्रवाह असणे हीच ‘ठीक आहे’ अशी सततची ग्वाही आहे. ती थांबली, की कारण काहीही असो, धोका समजायचा.

करून पहा: पुठ्ठ्यावर ३० सेंटिमीटर लांबीच्या ॲल्युमिनियम-कागदाच्या दोन पट्ट्या ४ सेंटिमीटर अंतरावर चिकटवा. एका टोकाला दीड व्होल्टचे दोन घट एकसरीत व त्यांच्याबरोबर १०० ओहमचा रोध जोडा. दुसऱ्या टोकाला एक लाल एलईडी लावा. त्याचा लांब पाय धन बाजूच्या पट्टीला हवा. दिवा लागेल. आता सायकलचा आरा दोन्ही पट्ट्यांवर आडवा ठेवा, दिवा विझेल. आरा काढून एक घट काढा, मग घट परत लावून एक पट्टी कापा. दोन्ही वेळा दिवा विझेल. नंतर उलट जोडणी करा: एका टोकाला घट व बझर एकसरीत जोडा, म्हणजे आरा ठेवल्यावर बझर वाजेल. आता घट काढून आरा ठेवा. ‘गाडी’ आली, पण वर्दी नाही! दोन्ही जोडण्यांतील फरक शिक्षकांनी वर्गात चर्चेसाठी घ्यावा.

राखणदाराची हजेरी

हाच धडा राखणदाराला लावता येतो. त्याच्या फाइलीत आणखी एक नियम घालतात: दुसऱ्या एका संगणकाने दर १० मिनिटांनी एक चाचणीची वर्दी द्यावी, राखणदाराने तिची हजेरी म्हणून नोंद करावी, आणि ती नोंद झाली की नाही हे तिसऱ्या ठिकाणाहून तपासले जावे. १५ मिनिटांत हजेरी लागली नाही, तर माणसाला उठवावे. राखणदार बंद पडला, वाट तुटली, परवलीचा शब्द बदलला किंवा नोंदवहीची जागा संपली, यांपैकी काहीही झाले तरी हजेरी चुकते आणि बिघाड उघड होतो. त्याबरोबर विचारपुशीच्या फेऱ्याही चालू ठेवतात, कारण पूर्ण बंद पडलेले यंत्र ‘मी बंद पडलो’ असे सांगू शकत नाही. तातडीची खबर वर्दीने कळते, आणि कोण गप्प झाले आहे ते विचारपुशीने कळते.

नियम लिहून झाल्यावर ते खरोखर चालतात की नाही, हे एकदा तार उपटून पाहावे. जी तार कोणी कधी उपटून पाहिली नाही, तिच्या वर्दीवर विसंबू नये.

विचार करा

१. दर ५ मिनिटांऐवजी दर २ मिनिटांनी विचारपूस केली, तर २०० यंत्रांसाठी दिवसात किती प्रश्न लागतील? बिघाड कळण्यास सरासरी किती उशीर होईल?

२. चारपैकी एक वर्दी हरवते असे धरले, तर सलग तीन वर्दी हरवण्याची शक्यता किती? हा हिशेब केव्हा चुकेल?

३. रुळ-परिपथात घटाबरोबर रोध का ठेवतात? तो नसता, तर गाडी आल्यावर घटाचे काय झाले असते?

४. तुमच्या घरातील व शाळेतील अशा वस्तूंची यादी करा, ज्यांच्या शांततेला आपण ‘ठीक आहे’ असे समजतो. गच्चीवरच्या टाकीची भरल्याची घंटा, गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र, शाळेतील आगीची घंटा यांचा विचार करा. यांतील प्रत्येक वस्तू बंद पडली, तर ते तुम्हांला कसे कळेल?